अर्जात ‘विषबाधा’ लिहा



२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. २०२० मध्ये तर इथल्या ५१ कुटुंबांनी स्वित्झर्लंडपर्यंत तक्रार नेली, कारण एका कीटकनाशकाची कंपनी तिकडची.

आता आपल्या वस्तीचं बघा. आपल्यात रोजीनं फवारणारेच जास्त. सातबारा मालकाच्या नावाचा. मग मजूर त्या दिवशी त्या वावरात होता, हे दाखवायचं कशानं? त्यात आपण विषाला ‘औषध’ म्हणतो. घाबरलेली बाई दवाखान्यात सांगते, ‘औषधानं झालं जी’. लिहिणारा समजतो, माणसानं औषध घेतलं, म्हणजे आत्महत्या! एका शब्दानं सारं प्रकरण फिरते. म्हणून केसपेपरवर ‘फवारताना विषबाधा’ असंच लिहून घ्या. डॉक्टरला दाखवायला डबा सोबत न्या, पण नंतर तो घरात पाण्याला वापरू नका. आणि पोरांना पंपात पाणी ओतायलाही नेऊ नका.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बाळंतीण कामगार बाईच्या पगारी रजेची बाजू मांडली, १९२९ मध्ये कायदा झाला. मागणी कागदावर आली म्हणून झाला.

मजुराला मास्क-हातमोजे मिळावे, विषबाधेची रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी, एवढंच मागायचं. दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. रविवारी वंदनेनंतर इथंच लिहायला बसू. ज्यांच्या घरी जुने केसपेपर आहेत, त्यांनी ते आणावे.