भरवसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘देवावर मनापासून विश्वास’ या विषयावर बोला, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. उपदेश करणे हे आमच्या पाळकसाहेबांचे काम. मी जन्मभर शिवणाच्या मशीनवर बसलेली बाई. शिवाय मंडळात ख्रिस्ती घरातल्या आम्ही दोघी-तिघीच. पण बाई म्हणाल्या, “तुम्ही तुमचंच सांगा, आमचं आम्ही त्यात शोधू.” यावर काय बोलणार? म्हणून उभी राहिले आहे.

माझे यजमान चार वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षा, रांग, सुई, पुन्हा रिक्षा. त्या चार वर्षांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आधीच्या साऱ्या आयुष्यात केली नसेल. दर गुरुवारी आमच्या मंदिरातल्या बायका घरी येत, गुडघे टेकून मागणे मागत. तरी ते गेले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ओळखीच्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका, पण विश्वास कुठंतरी कमी पडला असेल.” बाई दुष्ट नव्हत्या. आजारात डबाही त्यांनीच पोहोचवला होता. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसले. त्या रविवारपासून मी मंदिरात गाईनाशी झाले. जायची, बसायची, गीतांचे पुस्तक उघडायची, आणि ओठ मिटलेलेच. मनात सारखा एकच हिशेब चाले : मग किती विश्वास पुरला असता? आणखी छटाकभर? की अर्धा शेर?

त्या दिवसांत माझ्या नणंदेने मला पंडिता रमाबाईंचे चरित्र आणून दिले. रमाबाईंचे नाव आपल्याला नवे नाही. पण मला जे वाचून धीर आला ते शाळेच्या पुस्तकात नव्हते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. एवढी संस्कृत जाणणारी, सभा जिंकणारी बाई, आणि तिला आठ वर्षे लागली! आमच्या लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा ना. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मनापासून म्हणजे तडकाफडकी असे नाही, एवढे तरी मला तेव्हा कळले.

रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली होती. म्हणून १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांना पुण्यात बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पैशाचे म्हणाल, तर शारदा सदनाला अमेरिकेतून जी मदत येई ती दहा वर्षांच्या कबुलीची, आणि ती मुदत संपत आलेली. या नव्या मुलींसाठी कोणीही काहीच कबूल केलेले नव्हते. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी केवळ प्रार्थनेच्या आधारावर हजारो पोरक्या मुलांना सांभाळले होते, ते रमाबाईंना ठाऊक होते. त्याच वाटेने जायचे त्यांनी ठरवले.

हे ऐकले की लोकांना वाटते, देव देईल म्हणून हात जोडून बसल्या असतील. छे! केडगावला जाऊन पाहावे. तिथे माळावर विहिरी खणल्या, मळा केला, गाईम्हशी पाळल्या, माग लावले, तेलाचा घाणा घातला, छापखाना काढला. पुढच्या दुष्काळात माणसे दीड-दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांची भाकरी म्हणजे काय, हे घर चालवणारीलाच कळेल.

पण मी खिळून राहिले ती शेवटच्या पानांवर. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात. सारे काम पुढे तिनेच चालवायचे होते. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीतच, ती वारली. आईने तिच्यासाठी मागणे मागितले नसेल? रमाबाई तेव्हा स्वतःही थकलेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करायचे त्यांनी हाती घेतले होते, ते काम पुढे होते. मुलीच्या मागे त्या पुन्हा त्या कागदांवर बसल्या. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते शास्त्र १९२४ साली बाहेर पडले.

त्या आईचा विश्वास कमी पडला असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

मग मी शुभवर्तमान पुन्हा उघडले. मार्काने एका बापाची गोष्ट सांगितली आहे. मुलाला घेऊन तो प्रभूकडे येतो आणि एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाला तूच हात दे. प्रभूने त्याला आधी वजन पुरे करून आण असे सांगितले नाही. मुलगा बरा केला. आणि त्याच पुस्तकात गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने हा प्याला टळो म्हणून विनवले, आणि तो टळला नाही. दोन्ही गोष्टी मला लहानपणापासून पाठ. पण शेजारी शेजारी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या. माझी प्रार्थना दुकानातल्या देण्याघेण्यासारखी होती, हे तेव्हा ध्यानात आले. इतके मोजले, आता माल द्या.

त्या रात्री मी देवाशी भांडले. स्वच्छ भांडले. इतके दिवस लाजेने बोलत नव्हते ते सारे बोलले आणि झोपले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा चांगली झोप लागली.

आणखी एक सांगायलाच हवे. आमच्या शेजारच्या काकू, आज इथेच बसल्या आहेत, त्या काळात रोज तुळशीपाशी दिवा लावून झाला की ताटलीवर रुमाल टाकून माझ्याकडे येत. पिठलं-भाकरी, कधी नुसता वरणभात. धीराची वाक्ये त्यांना येत नाहीत, त्या बोलत नसत. मी जेवेपर्यंत बसत आणि ताटली घेऊन जात. त्यांचा देव वेगळा म्हणून माझ्या देवाने त्यांना पाठवले नसेल, असे कोणी मला पटवून देऊ नये.

तर एका रविवारी, सण ना काही, पेटीवाल्याने नेहमीचेच गीत धरले. पहिले कडवे मी नुसते ऐकले. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज आला, तोही चिरका. पुढच्या बाकावरच्या त्या बाईंनी वळून पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना मी काही बोलले नाही, आजही बोललेली नाही. त्यांच्या नातीचा झगा मात्र परवा शिवून दिला.

मुलाची नोकरी अजून कायम नाही, गुडघे दुखतात, यजमानांची आठवण संध्याकाळी फार येते. ते सगळे मी रोज रात्री देवाला सांगते आणि दिवा मालवते. काकू मघापासून दारातून खुणावताहेत, चहा निवत चालला आहे. मी बसते.