मृत्युपत्र मोबाइलवर, भुर्दंड घरच्यांवर

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रिक्त जागा, बदल्या आणि क्वार्टरच्या दुरुस्तीवर अध्यक्ष सविस्तर बोलले. आम्ही आज वेगळा विषय घेणार आहोत. आपल्या माघारी आपल्या घरादाराचे काय, हा तो विषय. असा विषय काढला की मंडळी म्हणतात, ‘सचिवसाहेब, सभेत अशुभ कशाला?’ पण या युनियन ऑफिसात आम्ही जितक्या विधवा भगिनींचे अर्ज लिहून दिले, त्यावरून सांगतो, अशुभ आहे ते न बोलण्यात.

आपल्या शाखेतले एक निवृत्त ट्रॅकमन होते. नाव सांगत नाही, घरच्यांचा मान राखायला हवा. फंडातून पैसे काढून त्यांनी स्वतःच्या नावावर दोन खोल्यांचे घर बांधले. २०२१ साली करोनाने माणसे पटापट जात होती, तेव्हा त्यांनी मोबाइलवर एका कंपनीकडून मृत्युपत्र करून घेतले. तीन हजाराच्या आत काम झाले. घर संपूर्ण बायकोला, आणि पेन्शन निम्मी बायकोला, निम्मी धाकट्या मुलाला, असे त्यात लिहिले. ते आनंदाने ऑफिसात आले आणि म्हणाले, ‘वकील नको, कचेरी नको, घरबसल्या झाले.’ आम्ही चहा पाजला आणि म्हणालो, ‘चांगलं केलंत.’ कागद मात्र पाहिला नाही.

२०२३ साली ते गेले. महिन्याभराने वहिनी कागद घेऊन आल्या. छान छापलेली इंग्रजी पाने होती. त्यावर त्यांची शाईची सही नव्हती आणि एकाही साक्षीदाराची सही नव्हती. कंपनीने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत सूचना होती, की हे छापून दोन साक्षीदारांसमोर सही करावी. पण ते सातवी शिकलेले, त्यांनी ती वाचली नाही. पैसे भरल्याची पावती आली, म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटले. वहिनी आम्हाला एवढेच म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना, चांगलं केलं म्हणून?’ त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचे भाषण हेच त्याचे उत्तर समजा.

आम्ही दहावी शिकलेले, कायद्याचे पंडित नाही. पण त्यानंतर वकिलांकडे बसून जे समजून घेतले ते सांगतो.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ६३ वे कलम सांगते, की मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सही करावी. मोबाइलवरची सही इथे चालत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्र मुद्दाम वगळलेले आहे. म्हणजे कंपनी विकते तो मसुदा. त्याचे मृत्युपत्र होते ते शाईच्या सहीने आणि दोन जित्याजागत्या माणसांनी. हे दोन्ही कुठल्याही कंपनीकडे विकत मिळत नाही, आणि आपल्याकडे फुकट आहे.

मृत्युपत्र कायद्याने उभे राहिले नाही, म्हणून ते घर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वाटले गेले. विधवा, दोन मुलगे, एक मुलगी असे चार सारखे हिस्से झाले. मुलीने आणि धाकट्याने आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. थोरल्याने वाटपाचा दावा लावला. नवऱ्याने आपल्याला दिलेल्या घराच्या चौथ्या हिश्शासाठी आज ती माउली पोटच्या मुलासमोर कोर्टात उभी राहते. तीन हजारांच्या मृत्युपत्राची खरी किंमत ती ही.

पेन्शनचे काय झाले? ती कलमे मुळातच निरर्थक होती. फॅमिली पेन्शन ही कर्मचाऱ्याच्या मालकीची मालमत्ता नव्हे. ती नियमाने ठरलेल्या माणसाला मिळते, मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. हे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे सुरक्षा दलातल्याच एका मृत कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. आपल्या खात्यातला साधा सेटलमेंटचा कारकूनही हे सांगू शकला असता. मोबाइलवरच्या फॉर्मला ते ठाऊक नव्हते. त्यात रकाना होता, यांनी भरला.

आता हिशेब मांडू या. जाहिरातीत दिसते ती फी पहिली. पुढे वकिलाकडून तपासून हवे तर काही ठिकाणी पैसे वेगळे, नोंदणीला मदत हवी तर वेगळे, सून आली किंवा नातू झाला म्हणून बदल करायचा तर कधी पुन्हा पैसे. एवढे करून छपाई, साक्षीदार आणि कचेरीची फेरी आपल्यालाच. शिवाय आधार, पॅन, बँकखाती, घराचा उतारा, घरातले मतभेद, असा सगळा संसार आपण परक्याच्या हवाली करतो. आणि चूक झाली तर तिचे बिल येते आपल्या माघारी, बायकोमुलांच्या नावावर.

ही सेवा सरसकट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याला इंग्रजी वाचता येते, ज्याची मालमत्ता सरळ आहे आणि घरात वाद नाही, त्याला असा मसुदा उपयोगी पडेल. पण एकच फॉर्म सर्वांना बसत नाही. वडिलोपार्जित घर-जमीन असेल तर आपल्याला फक्त आपला हिस्सा देता येतो. मुसलमान बांधवांना त्यांच्या कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. कोकण रेल्वेवरच्या आपल्या गोवेकर बांधवांना गोव्याचा २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा लागू आहे. तिथे मुले असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते.

मग करायचे काय? नीट ऐका आणि जमल्यास लिहून घ्या.

पहिले काम बिनपैशाचे. फंड, ग्रॅच्युइटी, गट विमा, बँक, पोस्टाचे बचत खाते, टपाल जीवन विमा, या सर्वांची नामनिर्देशने तपासा. लग्नाआधी आईचे नाव लावले आणि मग विसरून गेले, असे कितीतरी भाऊ आपल्यात आहेत. सर्व्हिस रेकॉर्डमधला कुटुंबाचा तपशील बरोबर आहे ना, ते पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही ध्यानात ठेवा. विम्याच्या बाबतीत १९८३ साली आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. विम्याच्या कायद्यात २०१५ साली बदल होऊन आईवडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर त्यांना जास्त हक्क मिळाला, एवढा फरक.

दुसरे, मृत्युपत्र साध्या कागदावर, आपल्या मराठीत लिहिले तरी चालते. मुद्रांक लागत नाही. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि जवळपास राहणारे निवडा, कारण पुढे वाद झाला तर साक्षीदार हयात असल्यास किमान एकाला कोर्टात बोलवावे लागते. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला साक्षीदार करू नका. वय झाले असेल, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा.

तिसरे, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती होते. जे बांधव नोकरीनिमित्त इटारसी, खरगपूर, सिकंदराबादकडे आहेत, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या जिल्ह्यात मराठी चालत नसेल तर नोंदणीसाठी सोबत तिथल्या भाषेतला खरा तरजुमा द्यावा लागतो.

चौथे, गुंतागुंत असेल तर वकील गाठा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

आणि पाचवे, कागद कुठे ठेवला ते घरात एकाला तरी सांगा. कपाटात सापडला नाही तर तो असून नसल्यासारखा.

आमच्याकडून झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवत आहोत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी युनियन ऑफिस याच कामासाठी उघडे राहील. नामनिर्देशनाचे फॉर्म तिथे मिळतील. दोन साक्षीदार हवे असतील तर दोन माणसे तिथे हजर असतील. मोबाइलवरून केलेले मृत्युपत्र कोणाकडे असेल, तर लाज न बाळगता घेऊन या. यापुढे कागद पाहिल्याशिवाय आम्ही कोणालाही ‘चांगलं केलंत’ म्हणणार नाही.

आज घरी गेल्यावर बायकोला, नवऱ्याला शेजारी बसवा आणि नॉमिनीचे कागद काढा. आयुष्यभर आपण घामाने जे जोडले, ते आपल्या माणसाला मिळते की कोर्टाच्या तारखांत जाते, हे त्या एका संध्याकाळवर अवलंबून आहे.

 कामगार एकजुटीचा विजय असो.