दहाला निघून दहा वीसला



पॅरिसहून सकाळी दहाला निघालेलं विमान लंडनला साधारण दहा वीसला पोचतं. आणि लंडनहून दहाला निघालेलं विमान पॅरिसला पोचेपर्यंत बारा वीस वाजतात. तिकीट पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, छपाईत चूक झाली. पण चूक काही नाही. तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते, आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे. पॅरिसला जाताना तो तास मिळवायचा, लंडनला येताना वजा करायचा. प्रवास दोन्हीकडून सारखाच, सुमारे एक तास वीस मिनिटांचा.

या दोन शहरांमधलं सरळ अंतर साधारण ३४० किलोमीटर. हवेत विमान तासाभरापेक्षाही कमी वेळ असतं. बाकीची मिनिटं जमिनीवर, धावपट्टीकडे जाण्यायेण्यात जातात. २५ ऑगस्ट १९१९ रोजी याच मार्गावर रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा अडीच तास लागले होते. त्या विमानात प्रवासी होता एकच!

मग घड्याळातला हा एक तास आला कुठून? पॅरिस लंडनमधल्या ग्रीनिचच्या पूर्वेला आहे खरं, पण सव्वादोन अंशांहून किंचितच जास्त अंतरावर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे पॅरिसचा सूर्य ग्रीनिचपेक्षा फक्त ९ मिनिटं २१ सेकंद आधी माथ्यावर येतो.

एवढ्याशा फरकासाठीही माणसं हट्टाला पेटतात. १९११ साली फ्रान्सने ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही. ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे घेतलेली’ असं त्यांनी लिहिलं. आपल्याला हे परकं वाटायला नको. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

फ्रान्सच्या हट्टाचा शेवट मात्र दुःखद झाला. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि शहराची घड्याळं एक तास पुढे, बर्लिनच्या वेळेवर लावली गेली. पुढे सैन्य गेलं, पॅरिस मुक्त झालं, युद्ध संपलं. घड्याळं मात्र पुन्हा ग्रीनिचच्या वेळेवर आली नाहीत. आज दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळं एकाच वेळी पुढे करतात, त्यामुळे तासाचा फरक बाराही महिने कायम असतो.

श्रोतेहो, कधी लंडनहून पॅरिसला उतरलात, तर मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे करताना एवढं आठवा. त्यातली नऊ मिनिटं सूर्याची आहेत. उरलेली पन्नासएक मिनिटं १९४० च्या त्या जून महिन्याची.