मनाशी बोलावे कसे?



समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. त्यांत मनाला आधी सज्जन म्हणून हाक आहे, दटावणी मागाहून. वाईट विचार बळाने हाकलू गेल्यास तो दुप्पट जोराने परततो. त्याला समोर बसवून पुरावा मागावा. 'मुलीचे ठरलेले लग्न मोडले, आता अब्रू गेली', असे घोकणाऱ्या पित्याने स्वतःस विचारावे : लग्न मोडले हे खरे, परंतु अब्रू गेली हे कोणी ठरविले? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून अशाच उलटतपासणीची उपचारपद्धती उभारली.

आपल्याकडे मात्र स्थळे बिघडतील या भयाने असे दुःख माजघरातच कोंडले जाते. (वधूवर-सूचीत उंची, शिक्षण, पगार सारे छापतो, मनाची विचारपूस कोणी करीत नाही!) झोप उडाली, अन्न गोड लागेना, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा कसला? शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. तेथे मराठीतही बोलता येते. पुढील वधूवर-सूचीच्या पहिल्याच पानावर हा क्रमांक छापावा, अशी कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे.