थर एकत्र करण्यापूर्वी

पैठण तालुक्यातल्या पाचोडसारख्या गावांतही लग्नपत्रिका आणि फ्लेक्स आता संगणकावर तयार होतात. त्यात चित्राचा प्रत्येक भाग वेगळ्या थरावर (लेयरवर) असतो. एकाच रंगाच्या अर्धपारदर्शक पट्ट्यांचे दोन थर एकमेकांवर आले, की मधला भाग गडद दिसतो. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, साधं गणित आहे. 50 टक्के अपारदर्शक थर मागचं चित्र निम्मं झाकतो, दुसरा थर उरलेल्यातलं निम्मं. म्हणून एकूण 75 टक्के झाकलं जातं. थर एकमेकांवर बसवण्याचे असे नियम संगणकतज्ज्ञ थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये सूत्रबद्ध केले.

मग दोन्ही थर लगेच एकत्र करावेत का? तसं केलं तर गडद पट्टा चित्रात कायमचा मुरतो. त्याऐवजी दोन्ही थर 100 टक्के अपारदर्शक करून एका गटात ठेवावेत आणि 50 टक्के अपारदर्शकता त्या गटाला द्यावी. मग गडद जोड दिसत नाही. फोटोशॉपमध्ये आणि मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्येही हे जमतं. थर वेगळे राखल्याने फाइल जड होते, हा आक्षेप खरा आहे. पण ऐन वेळी तारीख बदलली, तर एकत्र केलेल्या चित्रात ती सुधारणं फार अवघड जातं. म्हणून मूळ फाइल थरांसह जपा आणि छपाईसाठी तिच्या प्रतीतच थर एकत्र करा.