धरणाचा पाया आणि सह्याद्रीचा खडक



धरण म्हटले की डोळ्यांपुढे येते ती उंच भिंत आणि तिच्यामागे पसरलेला जलाशय. ज्या खडकावर ही भिंत उभी राहते, तो मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. धरणाचे भवितव्य त्यावरच अवलंबून असते. म्हणूनच नियोजित स्थळी बांधकामाच्या आधी भूगर्भाची तपासणी होते.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. वरून एकसंध भासणारा हा काळा पाषाण आतून तसा नसतो. घट्ट बेसाल्टमध्ये उभ्या-आडव्या भेगा असतात. विहिरी खोदणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात, त्या खडकात वायूच्या पोकळ्या खनिजांनी भरलेल्या आढळतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा लाल, मातकट पट्टा असतो. पाणी लागले की तो मऊ पडतो. यासाठी छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढतात आणि दाबाने पाणी सोडून गळती मोजतात. भेगांत सिमेंटचे पातळ मिश्रण भरतात. जेथे खडक दुबळा, तेथे तो खणून काढतात.

१९५९ साली फ्रान्समधील मालपासे धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. डाव्या तीराच्या खडकातील दुबळेपणा हे त्याचे मूळ होते.

तपासणीचे दुसरे अंग खनिजांचे. एकदा पाणी साठले की खालचे खनिज हाती येणे दुरापास्त होते. कोल्हापूर-साताऱ्याकडील बॉक्साइट बहुधा डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यात सापडते आणि जलाशय दऱ्यांत असतात. पूर्व विदर्भाचे तसे नाही. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा यांचा विचार तेथे आधीच करावा लागतो. शिवाय दगड, वाळू, माती ही धरणाच्या कामाची खनिजेच होत. ती जवळ मिळाली तर वाहतुकीचा खर्च वाचतो. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण दगडमिश्रित काँक्रीटचे आहे, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

याच कोयनेने आणखी एक धडा दिला. दख्खनचे पठार स्थिर आहे असा समज होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते मजबूत करण्यात आले. २०१७ साली या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. लाव्हाच्या थरांखालचा प्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक त्यात हाती लागला. भूकंपाचे मूळ शोधण्याचे काम अशा रीतीने धरण बांधून झाल्यावरही चालूच राहते.

धरणासाठी जमीन देणारा शेतकरी कधी विचारतो, ‘धरणाचा पत्ता नाही, मग ही छिद्रे कशाला?’ त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. त्याचे गाव पाण्याखाली जायचे असेल, तर ते पाणी ज्या भिंतीने अडवायचे तिचा पाया खात्रीचा असावा. छिद्रांवर खर्च होणारे महिने वाया जात नाहीत. भिंतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या हजारो कुटुंबांची निर्धास्त झोप त्यांवरच अवलंबून आहे.