संकेतस्थळाची हजेरी कां घटली?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



ज्याचें सारें आयुष्य शाळेच्या हजेरीपटावर खुणा करण्यांत गेलें, त्यानें संगणकाच्या विषयावर बोलावें, हें आपणांस थोडें विपरीत वाटेल. परंतु आजचा विषय मुळांत संगणकाचा नसून हजेरीचाच आहे. एखाद्या संकेतस्थळावर येणारांची संख्या एकाएकीं घटते आणि मालक घाबरा होतो. कोणी म्हणतो रंगरूप बदला, कोणी म्हणतो जाहिरात करा, कोणी म्हणतो हा धंदाच आतां बुडाला. औषधांची रीघ लागते. रोग कोणता, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. त्या निदानाच्या पद्धतीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभीं एक जुनी गोष्ट सांगतों. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत, ऐन पावसाळ्यांत, पलीकडच्या वाडीच्या मुलांची हजेरी निम्म्याहून खालीं आली. पालकांना शिक्षणाची आस्था उरली नाहीं, असा निष्कर्ष मीं बसल्या जागीं काढला आणि तसा कडक निरोपही वाडींत धाडला. बऱ्याच दिवसांनीं एक म्हातारी इरलें डोक्यावर घेऊन, लांबच्या वळशानें शाळेंत आली व एवढेंच म्हणाली, "गुरुजी, वहाळावरचा साकव वाहून गेलाय. पोरं यायची कशी?" मुलें तींच होतीं, आस्थाही तीच होती, तुटला होता तो साकव. संख्या घटली कीं पहिल्यानें माणसांना दोष द्यावयाचा नाहीं, हा धडा मी त्या दिवशीं शिकलों. त्याचें मोल मात्र दुसऱ्यांनीं दिलें. तें शेवटीं सांगेन.

आमचें लोटे हें मुंबई-गोवा महामार्गावर, खेड व चिपळूण यांच्या दरम्यान आहे. येथें रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि तिच्या आसपासच्या वाड्यांतून अजून आंब्या-काजूच्या बागा आहेत. माझा एक जुना विद्यार्थी कारखान्यांत पाळी करून उरल्या वेळांत वडिलार्जित बागेंतला हापूस, आमसुलें आणि कोकमाचें आगळ स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. आंब्याची अढी कशी घालावी, आगळ किती दिवस टिकतें, अशीं माहितीचीं पानेंही त्यानें त्या स्थळावर मोठ्या हौसेनें लिहिलीं आहेत. मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च या विक्रीवर चालतो.

एका श्रावणांत तो संध्याकाळीं घरीं आला आणि ओटीवर बसून राहिला. थोड्या वेळानें म्हणाला, "गुरुजी, उन्हाळ्यांत रोज दोनशेंच्या वर माणसें स्थळावर येत होतीं. आतां तीस येतात. शहरांतला एक गृहस्थ पन्नास हजारांत पहिला क्रमांक मिळवून देतों म्हणतो. पतपेढींतून कर्ज काढूं, कीं सगळें बंदच करूं?"

मीं म्हटलें, "अरे, कर्जाचें मागाहून पाहूं. आधीं पट काढ." पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊं शकत नाहीं, असा इशारा खुद्द गूगलनेंच संकेतस्थळांच्या मालकांना दिलेला आहे, हेंही त्याला सांगितलें. मग आम्हीं दोघांनीं संगणकापुढें बसून एकेक प्रश्न विचारावयास आरंभ केला.

पहिला प्रश्न असा कीं, मोजणी बरोबर आहे काय? गुरुजी खूण करावयास विसरले तर हजर मुलगाही पटावर गैरहजर ठरतो. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानांत मोजणीची एक लहानशी ओळ घातलेली असते. ती गळाली तर वाचक येतात, पण गणले जात नाहींत. शिवाय मोजण्याची रीत बदलते ती निराळीच. गूगलच्या ॲनालिटिक्स या मोजणीयंत्राची जुनी आवृत्ति १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनाशी झाली, आणि तिच्या जागीं आलेली नवी आवृत्ति निराळ्या रीतीनें मोजते. दोहोंचे आंकडे शेजारीं ठेवून घट ठरविणें म्हणजे पायलीनें मोजलेलें भात किलोशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

या बाबतींत विकिपीडियाचें उदाहरण फार बोधप्रद आहे. मे २०२५ च्या सुमारास तेथें वाचकांची, विशेषतः ब्राझील देशांतून, मोठी भरती आल्याचें दिसलें. चालक हुरळून गेले नाहींत. त्यांनीं तपास केला. तेव्हां त्या गर्दींतील पुष्कळशी 'माणसें' हीं माणसाचें सोंग घेतलेले यांत्रिक फिरस्ते असल्याचें आढळलें. ते वगळून हिशेब पुन्हां मांडला, तेव्हां खऱ्या मानवी वाचनांत २०२४ च्या त्याच महिन्यांच्या मानानें सुमारें ८ टक्के घट झाली असल्याचें विकिमीडिया फाउंडेशननें ऑक्टोबर २०२५ मध्यें जाहीर केलें. भरती खोटी होती आणि तिच्याखालीं खरी ओहोटी लपली होती. म्हणून एकाच साक्षीदारावर विसंबूं नये. स्थळावरचें मोजणीयंत्र एक सांगतें. गूगलचें 'सर्च कन्सोल' हें दुसरें साधन, शोधांतून किती लोक आपल्या पानावर आले, हें स्वतंत्रपणें सांगतें. आमच्या तपासांत दोन्ही साक्षी जुळल्या. घट खरी होती.

दुसरा प्रश्न ऋतूचा. भाताच्या लावणीच्या दिवसांत, शिमग्यांत आणि गणपतींत कोंकणांतल्या शाळेची हजेरी घटते. त्याचा अर्थ शाळा बिघडली असा होत नाहीं. हापुसाचा शोध लोक चैत्र-वैशाखांत घेतात. मृगाचा पाऊस पडला कीं तो विषय संपतो. म्हणून श्रावणाची तुलना वैशाखाशीं न करितां गेल्या वर्षाच्या श्रावणाशीं केली पाहिजे. सर्च कन्सोलमध्यें मागील १६ महिन्यांचीच नोंद राहते. तेवढ्यांत गेल्या वर्षाचा तोच महिना सांपडतो, परंतु त्यामागचें पाहावयाचें असल्यास आपली वही आपणच ठेविली पाहिजे. आम्हीं पाहिलें तों गेल्या श्रावणांतही रोजचे ऐंशींच्या आसपासच लोक येत होते. म्हणजे दोनशेंवरून ऐंशींवर येणें हें ऋतुमानच होतें. रोग होता तो ऐंशींवरून तिसांवर येण्यांत. घाबरलेल्या माणसाचें निम्में ओझें या एका वजाबाकीनेंच उतरलें.

तिसरा प्रश्न असा कीं, हा उतार आहे कीं कडा? वाचक हळूहळू कमी झाले असतील तर कारणेंही हळूहळू घडणारीं असतात: माहिती जुनी झाली, कोणी अधिक चांगलें लिहिलें, लोकांची आवड बदलली. परंतु आलेखाची रेघ एका दिवसांत कड्यावरून कोसळावी तशी खालीं आली असेल, तर त्या दिवसाची तारीख काढावी व त्या तारखेस काय घडलें हें विचारावें. गूगल आपल्या क्रमवारींत मोठे फेरफार करतें त्यांच्या तारखा जाहीर असतात. त्यांच्याशीं ती ताडून पाहावी. आमच्या आलेखावर आषाढांतल्या एका दिवशीं असा कडा होता. गूगलच्या कोणत्याही फेरफाराशीं ती तारीख जुळेना. मीं विचारलें, "त्या दिवशीं तूं काय केलें होतेंस?" तो म्हणाला, "कांहीं नाहीं, गुरुजी. फक्त स्थळाचा जुना सांचा काढून नवा बसविला." रोगी ज्या गोष्टीला 'फक्त' म्हणतो, तेथेंच पुष्कळ वेळां रोग असतो.

चौथा प्रश्न असा कीं, कोणत्या वाटेचे वाचक घटले, आणि कोणत्या पानावरचे? सन २०२२ च्या उन्हाळ्यांत रुंदीकरणाच्या कामासाठीं परशुराम घाट दिवसा कांहीं तास बंद ठेवावा लागत असे. त्या तासांत घाटाच्या अलीकडच्या चहावाल्याकडे महामार्गाचें गिऱ्हाईक येईना. गांवांतले लोक मात्र रोजच्यासारखे येत. त्यावरून चहा बिघडला असें कोणी म्हटलें नाहीं. संकेतस्थळालाही अशा निरनिराळ्या वाटा असतात. कोणी थेट पत्ता लिहून येतो, कोणी व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून येतो, कोणी शोध घेतां घेतां येतो. आमच्या पटावर पहिल्या दोन वाटांचे लोक जवळजवळ तितकेच होते. तुटली होती ती शोधाची वाट. आणि पानांपैकीं अढीचें व आगळाचें अशीं माहितीचीं पानेंच ओस पडलीं होतीं.

आतां साकव कोठें तुटला, हें शोधणें कठीण नव्हतें. नव्या सांच्यानें प्रत्येक पानाचा पत्ता बदलून टाकला होता. गूगलच्या दप्तरांत जुने पत्ते होते. त्या पत्त्यावर गेलेल्या वाचकास '४०४', म्हणजे पान सांपडत नाहीं, एवढाच निरोप मिळे. घर बदललेल्या माणसानें टपालकचेरींत नवा पत्ता कळवावा, तशी येथेंही सोय असते. जुन्या पत्त्यावर '३०१' या क्रमांकाची पाटी लावली कीं वाचक व शोधयंत्र दोघेही कायमच्या नव्या पत्त्यावर आपोआप पोंचतात. नवा सांचा बसविणारानें ती पाटी लावलीच नव्हती. आम्हीं रात्रीं बसून चाळीस-एक पानांच्या जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी केली आणि पाट्या लावल्या. त्याला पन्नास हजार लागले नाहींत. दोन रात्री लागल्या.

याच जागीं आणखी दोन कड्या तपासाव्या. स्थळ तयार होत असतांना शोधयंत्रानें येऊं नये म्हणून 'नोइंडेक्स' नांवाची खूण पानावर ठेवितात. काम संपल्यावर ती काढावयाची राहून जाते. तसेंच 'रोबोट्स' नांवाच्या फाइलींत यांत्रिक फिरस्त्यांसाठीं मनाईच्या सूचना असतात. तींतली एक ओळ चुकली तर साऱ्या घराचें दार बंद होतें. आणि मराठी लिहिणारांसाठीं एक विशेष सूचना. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टांत लिहिलेलें पान आपल्या डोळ्यांना मराठी दिसलें तरी यंत्राला तीं केवळ निरर्थक रोमन चिन्हें असतात. असें लेखन शोधणाराच्या हातीं लागत नाहीं. तें युनिकोडमध्यें उतरविलें पाहिजे.

यानंतर पांचवा प्रश्न उरतो, आणि तो अवघड आहे. पाट्या लावल्यावर सहा-सात आठवड्यांत रोजचे वाचक पन्नासांवर आले; परंतु तेथेंच थांबले. सर्च कन्सोलमध्यें पाहिलें तर आमचीं पानें शोधांत पूर्वीइतक्याच वेळां आणि पूर्वीच्याच जागीं दिसत होतीं. दिसल्यावर दार उघडून आंत येणारे मात्र कमी झाले होते. याचें कारण आमच्या अंगणांत नव्हतें. शोधाच्या निकालाच्या शिरोभागीं कृत्रिम बुद्धिमत्तेनें तयार केलेलें आयतें उत्तर देण्याची प्रथा गूगलनें मे २०२४ मध्यें अमेरिकेंत आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत सुरू केली. प्यू संशोधन संस्थेनें अमेरिकेंतील ९०० प्रौढांचा मार्च २०२५ मधील वापर तपासला. जेथें असें आयतें उत्तर नव्हतें, तेथें १५ टक्के वेळां लोकांनीं खालचा एखादा दुवा उघडला; जेथें तें होतें, तेथें ८ टक्केच वेळां. आगळ किती दिवस टिकतें, हें दारावरच कळलें तर आंत कोण येणार?

येथें माझा विद्यार्थी पुन्हां खिन्न झाला. मीं त्याला विक्रीची वही काढावयास सांगितली. त्या महिन्यांत आगळाच्या व आमसुलांच्या मागण्या गेल्या वर्षाइतक्याच होत्या. जे गेले ते बहुतेक नुसते विचारून जाणारे होते. जे घेणारे होते ते आलेच होते. गर्दी निराळी आणि गिऱ्हाईक निराळें. नंतर त्यानें दोन गोष्टी केल्या. नेहमींच्या गिऱ्हाइकांची, त्यांची संमति घेऊन, स्वतःची यादी ठेविली, म्हणजे मधल्या कोणाच्या मर्जीवर सर्वस्वीं विसंबावयास नको. आणि कोठेंही मिळणारी माहिती पुन्हां लिहिण्याऐवजीं, यंदा मोहोर केव्हां आला, अवेळीं पावसानें काय नासलें, पहिली पेटी कोणत्या दिवशीं भरली, हें त्याच्या बागेवांचून दुसरीकडे न मिळणारें वृत्त तो लिहूं लागला.

परंतु यांत मोठी चिंता उरतेच. वाचक येत नाहींसे झाले तर लिहिणारे कोठून येतील? भेटी घटल्या तर नवे स्वयंसेवक आणि देणगीदारही घटतील, ही भीति विकिमीडिया फाउंडेशननें बोलून दाखविली आहे. आयतें उत्तर देणारें यंत्रही शेवटीं कोणीतरी हातानें लिहिलेल्या पानांवरच पोसलेलें असतें. विहिरीचें पाणी पोहऱ्यानें येवो कीं नळानें. झरा जिवंत राहिला पाहिजे. मराठींत असे झरे आधींच थोडे आहेत. म्हणून आपल्याला एखाद्या पानाचा उपयोग झाला, तर क्षणभर त्या पानाच्या घरीं जाऊन यावें, एवढी विनंती मी आपणां सर्वांस करतों.

तात्पर्य काय? आधीं मोजणी, मग ऋतु, मग तारीख, मग वाट आणि दार; शेवटीं लोकांची बदललेली रीत. एवढें पाहिल्यावरही उत्तर मिळालें नाहीं, तरच आपल्या मालांत किंवा लेखनांत उणें शोधावें. हा क्रम उलटा केला कीं निर्दोष वस्तु टाकली जाते आणि तुटलेला साकव तसाच राहतो.

आणि हा तपास लवकर करावा. बंद पडलेले पत्ते फार दिवस तसेच राहिले तर शोधयंत्र ते आपल्या दप्तरांतून काढून टाकतें. माझ्या त्या पहिल्या वर्षीं म्हातारी येऊन गेल्यावर गांवकऱ्यांनीं आठ दिवसांत नवा साकव बांधला, आणि पलीकडचीं मुलें पुन्हां शाळेंत येऊं लागलीं. परंतु सगळीं नाहीं. मध्यंतरीं घरकामाला लागलेल्या दोन मुली परत आल्याच नाहींत. मीं निरोप धाडण्याऐवजीं पहिल्याच आठवड्यांत वहाळापर्यंत चालत गेलों असतों, तर त्यांचीं नांवें पटावर राहिलीं असतीं.